महाराजांच्या तेजाचे नऊ वॅट

एका जंगलात एक लॅपटॉप राहत होता.

असे डोळे वटारू नका, मुलांनो. तुमच्या घरी वाघाच्या चित्राची ब्लँकेटं असतात, तेव्हा वाघ येतो का जाब विचारायला? मग जंगलात लॅपटॉप असला तर तुमचं काय बिघडलं?

तर हा लॅपटॉप शहरातल्या कुणीतरी चांगली चार वर्षं वापरला होता. मग त्याला दानाची बुद्धी झाली. दान करताना त्याने जुनं खोकंही जपून पाठवलं. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं: 'बॅटरी आठ तास'. जंगलाच्या राजाने, म्हणजे व्याघ्रराज महाराजांनी, लॅपटॉप कोपऱ्यात ठेवला आणि खोकं सिंहासनाच्या उजव्या हाताला ठेवलं. छापलेल्या वस्तूचा मान मोठा असतो.

लॅपटॉपच्या पडद्यावर महाराजांचा फोटो होता. तीन चतुर्थांश चेहरा, एक भुवई जरा वर. शिष्टाचारप्रमुख मोरेश्वरराव मोर यांनी पहिल्याच दिवशी नियम केला की पडद्याचा उजेड कायम पूर्ण ठेवायचा. उजेड कमी करणं म्हणजे महाराजांच्या चेहऱ्याला काळं फासणं. शिवाय लॅपटॉपमधून महाराजांची रेकॉर्ड केलेली डरकाळी सतत वाजत राहिली पाहिजे. एका वानराने डोळे दुखतात म्हणून एकदा उजेड दोन घरं खाली आणला होता. त्याला आठ दिवस बाभळीवर बसवलं. बाभळीला काटे असतात, हे तुम्हाला माहीत आहेच.

लॅपटॉप चालवायची मात्र एकटी साळूबाई. ही साळिंदर जंगलाची कारकून होती. अंगावरचा एक काटा काढायची आणि त्याने टकटक बटणं दाबायची. काटा तुटला तर दुसरा. तिच्या कचेरीला स्टेशनरी कधी लागली नाही.

आता गोष्टीतलं खरं दुखणं ऐका.

जंगलात उंबरतळं नावाचं एक तळं होतं. तिथे डुबकी नावाची पाणमांजर राहायची. तिला तीन पिल्लं. ती अजून धड पोहायलाही शिकली नव्हती, नुसती आईच्या पाठीवर बसून मासे मागायची. या तळ्याची दर वर्षी ऑनलाइन नोंदणी करावी लागे. नोंदणी झाली नाही तर तळं बेवारस ठरे, आणि मग जो मागेल त्याला मिळे. पलीकडच्या खोऱ्यातल्या मगरींनी आधीच मागून ठेवलं होतं. त्यांनी तळं पाहायला दोन वेळा माणसं, चुकलो, मगरी पाठवल्या होत्या. दुसऱ्या वेळी त्यांनी डुबकीच्या पिल्लांकडे पाहून "किती गोंडस!" म्हटलं. तेव्हापासून डुबकीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

अर्ज भरायला महिन्याची मुदत होती. त्यामुळे सगळे शेवटच्या दिवशी निघाले.

त्यात आणखी एक अडचण. जंगलात वीज फक्त पडक्या वनचौकीत, जिथे दरबार भरे. तिच्या छपरावर सौरपाटी होती आणि भिंतीत एकच प्लग. रेंज मात्र फक्त कावळकड्याच्या माथ्यावर. वनचौकीत बॅटरी भरायची, अर्धा तास चढायचं आणि वर जाऊन अर्ज भरायचा, असा सगळा मामला. आणि सूर्य मावळला की अर्ज बंद.

साळूबाईला आकड्यांवाचून चैन पडत नसे. तिने दोन दिवस आधी लॅपटॉप उलटा केला आणि त्याच्या पोटावरची चिठ्ठी वाचली. १०.८ व्होल्ट. ५००० मिलीअँपिअर-तास.

"हजाराने भागलं की पाच अँपिअर-तास," ती पुटपुटली. "पाच गुणिले दहा पूर्णांक आठ. चोपन्न. म्हणजे चोपन्न वॅट-तास."

घाबरू नका, मुलांनो, परीक्षेत येणार नाही. वॅट-तास म्हणजे लॅपटॉपच्या पोटात शिधा किती मावतो. वॅट म्हणजे तो किती भराभर खातो. शिध्याला खाण्याच्या वेगाने भागलं की किती वेळ पुरेल ते कळतं. तुमच्या आईला खाऊच्या डब्याबद्दल हे गणित रोज करावं लागतं.

पण चोपन्न होते लॅपटॉप नवा असताना. साळूबाईने लॅपटॉपलाच त्याच्या बॅटरीचा अहवाल मागितला. अहवालात दोन आकडे होते. मूळ क्षमता चोपन्न. आता पूर्ण भरल्यावर सत्तावीस.

शेजारी डुबकी बसली होती. तिने विचारलं, "म्हणजे तळ्यात गाळ साचतो तसं?"

"अगदी तसं. काठोकाठ भरलेलं दिसतं, पण पाणी निम्मंच."

मग साळूबाईने प्लग काढून दहा मिनिटं पाहिलं. पडद्यावर महाराज झगझगत होते, डरकाळी घुमत होती. दहा मिनिटांत सत्तावीसचे चोवीस झाले. दहा मिनिटांत तीन, म्हणजे तासाला अठरा. अठरा वॅट. सत्तावीस भागिले अठरा. दीड तास.

दुपारी महाराज जेवून घोरत असताना तिने गुपचूप उजेड उतरवला, डरकाळी बंद केली आणि पुन्हा मोजलं. दहा मिनिटांत दीडच गेला. तासाला नऊ. म्हणजे तीन तास! साळूबाईचे काटे आनंदाने थरथरले. महाराजांनी कूस बदलली तसा तिने उजेड झटकन पूर्ववत केला.

शेवटच्या दिवशी सकाळी दहाला वनचौकीत लॅपटॉपची पूजा झाली. हार, हळदकुंकू, नारळ. नारळाचं पाणी बटणांवर सांडणार होतं, ते साळूबाईने स्वतःच्या पाठीवर घेतलं. मग दरबार भरला.

"महाराज," साळूबाई म्हणाली, "दीड तास."

"काय दीड तास?"

"बॅटरी. चढायला अर्धा तास, अर्ज भरायला सव्वा तास. लागणार पावणेदोन तास आणि आहे दीड. पंधरा मिनिटं कमी पडतात. वाटेत लॅपटॉप बंद ठेवू, नाहीतर उजेड थोडा..."

"खोकं काय म्हणतं?" मोरेश्वररावांनी मान उंचावून विचारलं.

"आठ तास!" झाडांवरची वानरं एका सुरात ओरडली.

"अहो, खोक्यावरचा आकडा कसा काढतात माहीत आहे का? बॅटरी नवी, उजेड मंद, आवाज बंद, इंटरनेट बंद, आणि कुणी हात लावायचा नाही. काहीच केलं नाही तर आठ तास."

"काहीच न करणं आपल्याला जमतं," महाराज म्हणाले. वानरांनी टाळ्या वाजवल्या.

मोरेश्वररावांनी पडद्याकडे पंख दाखवला. "आणि हे काय लिहिलंय, साळूबाई? वाचा. वाचा की मोठ्याने."

"शंभर टक्के."

"मग?"

"शंभर टक्के कशाचे, मोरेश्वरराव? आपल्या हत्तीकाकांचंच बघा. तरुणपणी एका बैठकीला अख्खं झाड संपवायचे. आता दोन फांद्यांत भागतं. पोट तेव्हाही गच्च भरायचं, आताही गच्च भरतं."

"माझं जेवण कशाला काढलं?" हत्तीकाका दुखावून म्हणाले.

झालं! सभेत हत्तीकाकांचा अपमान झाला, असा ठराव झाला. दुसरा ठराव झाला की बॅटरी आठ तास चालेल. एकमताने. साळूबाईला मत नव्हतं, कारण ती कारकून होती. वाटेत लॅपटॉप बंद ठेवायची सूचना तर मोरेश्वररावांनी हसण्यावारी नेली. मिरवणूक निघणार आणि पालखीतला देव झाकलेला? भलतंच!

ठराव आणि जेवणं आटपेपर्यंत चार वाजले, तेव्हा कुठे प्लग काढला. अण्णा गवा हा जंगलातला सगळ्यात रुंद पाठीचा आणि सगळ्यात कमी बोलणारा प्राणी. त्याच्या पाठीवर लॅपटॉप उघडा ठेवला. पुढे मोरेश्वरराव, मागे महाराज, त्यांच्यामागे सगळं जंगल. पडद्यातले महाराज पूर्ण उजेडात भर उन्हाशी स्पर्धा करत होते. कुणालाही काही दिसत नव्हतं, पण सगळे हात जोडत होते. डुबकी पिल्लांना पाठीवर घेऊन धापा टाकत चालली होती. जमिनीवर चालायची तिला सवय नव्हती.

माथ्यावर पोहोचले तेव्हा साळूबाईने पाहिलं. नऊ वॅट-तास गेले, अठरा उरले. आत्ता बसलं तरी एक तास मिळणार. ती काटा उपसून बसणार, तोच मोरेश्वरराव प्रास्ताविक करायला उभे राहिले.

प्रास्ताविक वीस मिनिटं चाललं. त्यात महाराजांचं बालपण होतं. पहिली शिकार होती. दुसरी शिकारही होती. साळूबाई बॅटरीकडे बघत होती आणि डुबकी साळूबाईच्या तोंडाकडे.

"बारा उरले," साळूबाई तिच्या कानात म्हणाली. "चाळीस मिनिटं. आणि आपल्याला लागतो सव्वा तास."

डुबकीच्या तोंडचं पाणी पळालं. "खाली जाऊन पुन्हा भरून आणली तर?"

"भरायला दोन तास. तोवर सूर्य जातो."

 डुबकीने पिल्लांना जवळ ओढलं. एक पिल्लू तिच्या पाठीवर झोपून गेलं होतं. साळूबाईला आतून गलबलून आलं, खरंच सांगतो. आकडे बरोबर असून उपयोग शून्य, यासारखा दुसरा ताप नाही.

"मोरेश्वरराव," तिने शेवटचा प्रयत्न केला, "उजेड कमी केल्याशिवाय होणार नाही हो. बारा भागिले अठरा..."

"पडद्यावर बघा! चव्वेचाळीस टक्के!" मोरेश्वररावांनी पिसारा फुलवला. "आठ तासांचे चव्वेचाळीस टक्के म्हणजे साडेतीन तास! आम्हालाही गणित येतं, बाई! आणि उजेडाचं नाव पुन्हा काढाल तर बाभूळ मोकळीच आहे."

साळूबाईने कपाळाला हात लावला. गणित अगदी बरोबर होतं. फक्त सगळे आकडे चुकीचे होते.

ती पडद्यासमोर बसली. एक क्षण डोळे मिटले. मग तिने अचानक काटा खाली टाकला, दोन्ही पंजे डोळ्यांवर धरले आणि मोठ्याने विव्हळली, "मला नाही जमायचं हे! महाराज, माफ करा!"

"काय झालं?" महाराज उठून आले.

"डोळे दिपले, महाराज! अक्षरं बघायला जाते तर तुमचं तेजच दिसतं. आत्ताच 'तळ्याचं नाव' या रकान्यात मी 'व्याघ्रराज' लिहिणार होते."

महाराजांनी एक भुवई जरा वर केली. फोटोतल्यासारखी. "इतकं दिपतं?"

"काय सांगू! इतर राजांचं तेज पडद्यावर वाढवून दाखवावं लागतं, असं ऐकलंय. तुमचं कमी करावं लागतं. सोसतच नाही."

 मोरेश्वररावांनी चोच उघडली आणि मिटली. नियम आपला, पण स्तुती तिची. 

"इतर राजांचं वाढवावं लागतं म्हणतेस?" महाराजांनी पुन्हा विचारलं. त्यांना ते वाक्य आणखी एकदा ऐकायचं होतं.

"ते तर पूर्ण उजेडातसुद्धा फिकटच. ज्याचं तेज जितकं जास्त, त्याचा उजेड तितका खाली आणावा लागतो."

"मग माझा आण खाली! आणखी आण! अजून!"

महाराज इतके हुरळले की पडदा पार काळा व्हायची वेळ आली. "बस, बस, महाराज," साळूबाई घाईने म्हणाली, "थोडं राहू द्या. गरिबाला अक्षरं दिसली पाहिजेत."

"आणि ही डरकाळी?" महाराजांना आता चटकच लागली होती.

"तुम्हीच ठरवा, महाराज. खरी डरकाळी शेजारी बसली असताना नकलेची गरज काय?"

"बंद कर ती नक्कल," महाराज म्हणाले.

नऊ वॅट! साळूबाईने काटा उचलला. बारा भागिले नऊ. एक तास वीस मिनिटं. अर्जाला सव्वा तास. पाच मिनिटं वर. तिने टकटक सुरू केली.

तळ्याची लांबी. तळ्याची रुंदी. तळ्याकाठी राहणाऱ्यांची संख्या. "चार," डुबकी म्हणाली आणि पिल्लं पुन्हा मोजली. रेंज जायची, यायची, पान फिरत राहायचं. मोरेश्वरराव मध्येच म्हणाले की अर्जाच्या सुरुवातीला महाराजांना वंदन असावं. साळूबाईने अर्जात तसा रकाना नाही हे त्यांना दाखवलं. त्यात एक मिनिट गेलं. सूर्य समोरच्या डोंगराला टेकायला आला.

शेवटचं पान आलं. त्यावर लिहिलं होतं: 'आपण यंत्र नाही हे सिद्ध करा. सिग्नल असलेली चित्रं निवडा.'

"सिग्नल म्हणजे काय?" साळूबाईने वळून विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. वानरांनी तीन वेगवेगळी उत्तरं दिली. महाराज म्हणाले की माझा फोटो असेल तो निवड. साळूबाईने एक प्रयत्न केला, तो चुकला. दुसरा केला, तोही चुकला. पडद्याच्या कोपऱ्यात तांबडी खूण लुकलुकायला लागली. डुबकीने डोळे घट्ट मिटले.

तेव्हा अण्णा गवा बोलला. तो वर्षातून एकदाच बोलायचा, ते यंदाचं बोलणं इथे खर्च झालं.

"मी एकदा हमरस्त्यावर गेलो होतो," तो सावकाश म्हणाला. "तिथे तीन डोळ्यांचा खांब असतो. तांबडा डोळा उघडला की गाड्या थांबतात."

"आणि हिरवा?" एका वानराने विचारलं.

"हिरवा उघडला तेव्हा मी पळत होतो. नीट पाहिलं नाही."

साळूबाईने तीन डोळ्यांचे खांब शोधले. चार चित्रांत होते. टक, टक, टक, टक. पान फिरलं. फिरत राहिलं. आणि मग पडद्यावर आलं: 'उंबरतळ्याची नोंदणी पूर्ण झाली'. साळूबाईने पावतीचा क्रमांक जमिनीवर काट्याने कोरला. शेवटचा आकडा कोरून होतो न होतो तोच लॅपटॉप विझला.

डुबकी रडली. मग हसली. मग पिल्लांना उठवून काहीतरी सांगायला लागली, पण त्यांना भूक लागली होती. त्यांनी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दरबारात सत्कार झाला. महाराजांचा, हे सांगायला नकोच. मोरेश्वररावांनी अहवाल वाचला. लॅपटॉप सकाळी दहा वाजता पूजेला सुरू झाला आणि संध्याकाळी सहा वाजून काही मिनिटांनी बंद झाला. म्हणजे एकूण आठ तास. खोक्यावर लिहिलं होतं अगदी तितकेच. दहा ते चार या वेळात लॅपटॉप प्लगला लावलेला होता, हे साळूबाई सांगणार होती. पण तिला बोलायची परवानगी मागावी लागली, आणि ती मिळेपर्यंत टाळ्या सुरू झाल्या.

खोक्याला नवा हार घातला. जंगलभर फर्मान निघालं की महाराजांचे सगळे फोटो यापुढे सावलीत ठेवावेत, कारण तेज सोसत नाही. आता जो तो आपापली तसबीर पानांखाली झाकू लागला. हत्तीकाकांनी तर आपली तसबीर चिखलातच पुरली. मोरेश्वररावही पिसारा मिटून हिंडू लागले. विचारलं तर म्हणायचे, "लोकांचे डोळे जपावे लागतात." साळूबाईला बढती मिळाली नाही. तिचे अकरा काटे तुटले होते, त्यांचीही कुणी विचारपूस केली नाही.

चार दिवसांनी डुबकी कचेरीत आली. महाराजांना मासे देऊन परतत होती. येताना साळूबाईसाठी कमळाचा एक कंद घेऊन आली होती. साळूबाईला तो फार आवडायचा.

"वाचलो बाई महाराजांच्या तेजाने," डुबकी म्हणाली. मग जरा घुटमळली. "साळू, राग मानू नकोस. पण त्या दिवशी तू मला उगाच घाबरवलंस. दीड तास काय, पंधरा मिनिटं काय. आठ तास चालली की गं ती! अहवालात लिहिलंय."

साळूबाईचे उरलेले सगळे काटे ताठ उभे राहिले. जिभेवर सगळं आलं. सत्तावीस, अठरा, बारा, नऊ. तूच शेजारी बसली होतीस ना गं? तुझ्याच कानात सांगितलं होतं ना? 

कचेरीच्या खिडकीतून तळं दिसत होतं. पाण्यात तीन डोकी वर येत होती, बुडत होती, पुन्हा वर येत होती. पिल्लं पोहायला शिकली होती. खरं सांगितलं तर ते आज डुबकीला कळेल. उद्या वानरांना. परवा महाराजांना कळेल की आपलं तेज नऊ वॅटचं आहे. आणि पुढच्या वर्षी नोंदणी पुन्हा करायची होती, आणखी झिजलेल्या बॅटरीवर.

"हो गं," साळूबाई म्हणाली. "चुकलंच माझं गणित."

"असू दे," डुबकी मोठ्या मनाने म्हणाली. "होतं एखाद्या वेळी."

ती गेल्यावर साळूबाईने कंद खाल्ला. कंद गोड निघाला. त्याचा तिला आणखीच राग आला.

तात्पर्य: मुलांनो, बॅटरीचं गणित सोपं आहे. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणावं, चार वर्षांची झीज वजा करावी, आणि लॅपटॉप जितके वॅट खातो तितक्याने भागावं. उत्तर बरोबर आलं तर ते कुणालाही सांगू नये; मुकाट्याने राजाच्या तेजाची स्तुती करावी, म्हणजे काम होऊन जातं. उत्तर चुकलं तर मात्र निर्धास्त राहावं आणि स्वच्छ कपडे घालून बसावं, कारण सत्कार तुमचाच आहे.